पायांकडे नंतर बघा

मागच्या अंकात डॅशहाउंडच्या लांब पाठीबद्दल मी ओझरत्या दोन ओळी लिहिल्या आणि टेबलावर पाठीच्याच पत्रांचा ढीग लागला. तेव्हा या महिन्यात गोचीड, केसगळती आणि रात्रीचं भुंकणं यांना सुट्टी. ज्यांच्या कुत्र्यांची पाठ धरली किंवा मागचे पाय गेले, त्यांचीच पत्रं घेते आहे.

आधीच सांगून टाकते. मी जनावरांची डॉक्टर असले तरी मणक्याची शस्त्रक्रिया मी करत नाही. माझ्या वाट्याला येतात ते शस्त्रक्रियेच्या आधीचे काही तास आणि नंतरचे महिने. त्यात माझी स्वतःची डॅशहाउंड, पट्टी, याच दुखण्यातून गेली. त्यामुळे ही उत्तरं अर्धी डॉक्टरची आहेत आणि अर्धी रात्री तीन वाजता कुत्रीच्या पोटावर हात ठेवून बसलेल्या बाईची.

प्रश्न : डॉक्टरताई, आमची चिंगी साडेपाच वर्षांची डॅशहाउंड. दोन दिवस उचललं की कण्हत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मागचे पाय ओढत आली आणि संध्याकाळी तर पाय हलेचनात. बोटं चिमटली की मान वळवून बघत होती, म्हणून आशा चांगली आहे असं डॉक्टर म्हणाले. एमआरआय झालं, त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. आज अकरावा दिवस. जखम सुकली आहे, भूक आहे, पण पाय हलत नाहीत. मी दिवसातून दहा वेळा तिला उभी करून बघते आणि ती दहाही वेळा खाली बसते. सासूबाई तिच्याकडे बघून डोळे पुसतात. लघवीचं मात्र बरं आहे, सारखी अंथरुणात होते, म्हणजे ती पिशवी तरी काम करते आहे. दवाखान्यात पोट दाबून लघवी काढायला शिकवलं होतं, पण मला ते जमत नाही, तिला दुखेल अशी भीती वाटते. चिंगी चालेल का?

उत्तर : चालण्याचं शेवटी बोलू. तुमच्या पत्रातलं मला घाबरवणारं वाक्य ‘लघवीचं मात्र बरं आहे’ हे आहे.

अंथरूण ओलं होतं म्हणजे पिशवी रिकामी होते असं नाही. टाकी काठोकाठ भरली की वरचं पाणी सांडतं, तसं हे सांडणं असतं. आत टाकी भरलेलीच असते. कंबरेच्या वर मज्जारज्जूला मार बसला की मेंदूचा निरोप मूत्राशयापर्यंत पोचत नाही, मूत्राशयाच्या तोंडाचा स्नायू आवळलेला राहतो आणि लघवी साठत जाते. साठलेल्या लघवीत जंतू वाढतात. शिवाय पिशवी दिवसचे दिवस ताणलेली राहिली, तर तिचा स्नायू कायमचा ढिला पडू शकतो. मग चिंगी उद्या धावायला लागली तरी हे दुखणं मागे उरेल. म्हणून हे वाचून झालं की आजच्या आज तिला घेऊन दवाखान्यात जा आणि पुन्हा शिकवा म्हणावं, या वेळी हात तुमचा आणि त्यावर त्यांचा.

तुम्हाला जमत नाही यात लाजण्यासारखं काही नाही. पट्टीला घरी आणलं त्या पहिल्या रात्री मी, इतकी वर्षं हेच काम करणारी बाई, पंधरा मिनिटं पोट दाबत होते आणि एक थेंब येईना. माझा नवरा बॅटरी धरून उभा. शेवटी लक्षात आलं की मी दाबत होते ती आतड्यात साठलेली शी होती. ती वरच्या बाजूला, पाठीच्या जवळ, लांबट आणि टणक लागते. मूत्राशय त्याच्या खाली असतं. मागच्या पायांच्या किंचित पुढे, पाणी भरलेल्या फुग्यासारखं गोल आणि लवचीक. एकदा बोटांना ओळख पटली की अंधारातही सापडतं.

तिला कुशीवर निजवा किंवा कुणाला तरी पुढून धरायला सांगून मागचा भाग आधाराने उभा करा. दोन्ही तळवे पोटाच्या दोन बाजूंना सपाट ठेवा. बोटांची टोकं रुतवू नका. पहिल्यांदा हात लागला की कुत्रं पोट आवळतं, तेव्हा ढकलू नका. ती श्वास सोडेपर्यंत थांबा आणि मग दोन्ही हात एकमेकांकडे आणत, शेपटीच्या दिशेने, एकसारखा दाब द्या. धार सुरू झाली की दाब तसाच धरून ठेवा. मध्येच सोडलं तर सगळं पहिल्यापासून. फुगा हाताला लागेनासा झाला की काम झालं. हे दर सहा ते आठ तासांनी, रात्रीसुद्धा. दाबूनही येत नसेल तर जोर वाढवू नका. तोंडाचा स्नायू सैल करणारी औषधं असतात, नळीही घालता येते, पण ते दवाखान्यात ठरेल. लघवीला उग्र वास आला, ती गढूळ किंवा लालसर दिसली, तर तपासणीला द्या. जळजळ होते हे चिंगी तुम्हाला सांगू शकणार नाही, कदाचित तिला पुरतं जाणवणारही नाही.

लघवी झाल्यावर मांड्यांच्या आतला भाग कोमट पाण्याने पुसून खडखडीत कोरडा करा. ओल राहिली की दोन दिवसांत कातडी लाल होऊन सोलवटते. घरातलं लहान मुलांचं मलम लावू नका, त्यात बहुधा झिंक असतं आणि चाटून पोटात गेलं की कुत्र्याला बाधतं. दर चार तासांनी कूस बदला. कंबरेचं हाड, घोटा, कोपर इथे बोट फिरवून बघा, केस विरळ किंवा कातडी लाल दिसली तर खालची गादी आणखी जाड हवी. हे कूस बदलायचं काम सासूबाईंकडे द्या. त्यांना घड्याळ सांभाळायला दिलंत की डोळे पुसायला उसंत मिळणार नाही.

आता पाय. दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते, बाहेर चिवट धाग्यांचं कडं आणि आत मऊ गर. आखूड पायांच्या जातींत हा गर वयाच्या पहिल्या वर्षीच सुकून कडक व्हायला लागतो. मग एखाद्या दिवशी, बऱ्याचदा काहीही विशेष न घडता, तो कडं फोडून वर उसळतो आणि मज्जारज्जूवर आदळतो. त्यातून दोन इजा होतात. एक आदळण्याची, दुसरी तिथेच दाबून बसण्याची. सर्जन मणक्याच्या बाजूला हाडात छोटी खिडकी करतात आणि तो गर काढून घेतात. दाब तिथल्या तिथे संपतो. आदळल्याची सूज आणि इजा मात्र कुणाच्या हातात नसते, ती आपल्या गतीने भरून येते. चिंगी सध्या त्या भरून येण्यात आहे.

ज्यांच्या बोटांत चिंगीसारखी खोलवरची जाणीव शिल्लक असते, अशा दहातल्या नऊ कुत्र्यांचं चालणं शस्त्रक्रियेनंतर परत येतं. पुष्कळ जणांचं दोन ते चार आठवड्यांत येतं, काहींना दोन-तीन महिनेही लागतात. अकरा दिवस म्हणजे उशीर नव्हे. आणि चालणं एकदम येत नाही. आधी तुम्ही दारात आलात की शेपटीचं टोक हलेल. मग झोपल्या झोपल्या मांडी थरथरेल, पाय किंचित ढकलेल. मग आधाराने क्षणभर उभं राहणं, मग दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खात चालणं. पंजा नीट ठेवणं सगळ्यात शेवटी. तुम्ही दहा वेळा उभी करून जे शोधताय ते तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचं आहे आणि चिंगी पहिल्या-दुसऱ्या पायरीवर आहे. शेपटी बघितलीत का? पत्रात तिचा उल्लेखच नाही.

दहा वेळा उभं करणं बंद. त्याऐवजी फिजिओने दाखवल्याप्रमाणे एकेक सांधा हळूहळू दुमडणं-सोडणं, प्रत्येकी दहा-पंधरा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. पंज्याच्या तळव्याला गुदगुल्या. पोटाखालून, मागच्या पायांच्या लगेच पुढे, टॉवेलची झोळी घालून काही सेकंद उभं राहणं, तेही त्यांनी हो म्हटल्यावर. एक मोबाइल-व्हिडिओ आठवड्यातून एकदाच काढा, त्याच फरशीवर, त्याच वेळी. रोज बघणाऱ्याला काहीच बदलत नाही असं वाटतं. मी पट्टीचे दोन रविवारचे व्हिडिओ शेजारी लावून बघितले तेव्हा कुठे मला कळलं की ती डाव्या पायाने ढकलायला लागली आहे.

प्रश्न : चार वर्षांचा बीगल, नाव बाजी. पाठ वाकवून चालायचा, जिन्यापाशी थांबून राहायचा. गादीचा त्रास आहे पण पाय ठीक आहेत, म्हणून शस्त्रक्रिया नको, औषधं आणि चार आठवडे पिंजऱ्यात विश्रांती असं सांगितलं. सहाव्या दिवशी हा गडी पिंजऱ्यात नाचायला लागला! ठणठणीत आहे. आता त्याला आत ठेवणं म्हणजे निव्वळ तुरुंगवास वाटतो. रात्री रडतो तेव्हा आमच्या घरात भांडणं होतात. सोडलं तर चालेल का? आणखी एक. मित्राच्या कुत्र्याची स्टेरॉइडच्या गोळ्यांची पट्टी उरली आहे, तो म्हणतो याने झटकन बरं वाटतं. देऊ का?

उत्तर : दोन्हींना नाही.

गोळ्यांचं आधी. बाजीला सध्या सूज उतरवणारं वेदनाशामक चालू असणार. त्याच्या जोडीला स्टेरॉइड गेलं तर जठराला व्रण पडतो, कधी आरपार भोक पडतं, आणि पाठीच्या दुखण्यातून वाचणारं कुत्रं पोटाने जातं. मी हे पाहिलेलं आहे. माणसांची आयबुप्रोफेनसारखी गोळीही नको. मित्राला म्हणावं, गोळ्यांची ती पट्टी फेकून दे.

आणि नाच. तो ठणठणीत झालेला नाही, त्याचं दुखणं झाकलं गेलंय. गेल्या आठवड्यात दुखत होतं म्हणून तो स्वतःच जपून चालत होता. आता औषधाने दुखणं गेलं, पण फाटलेलं कडं तसंच आहे. ते सांधायला आठवडे लागतात, म्हणून चार आठवडे. अशा कुत्र्यांना लवकर मोकळं सोडलं की एका उडीत उरलेला गर बाहेर येतो आणि मग मला रात्री फोन येतो, ‘डॉक्टर, पाय गेले.’

तुरुंग वाटू नये म्हणून काय करता येईल ते सांगते. पिंजरा एवढा हवा की त्याला उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून झोपता यावं. उडी मारता येईल एवढा मोठा नको. तो कोपऱ्यातल्या खोलीत ठेवू नका, माणसं बसतात तिथे आणा. पट्टीचा पिंजरा मी माझ्या टेबलाशी, पायांपाशी ठेवला होता. एक अंगठा जाळीतून आत. बाई तो अंगठा उशाला घेऊन झोपायची आणि माझा पाय बधिर व्हायचा, पण रडणं थांबलं. वरून अर्ध्या भागावर चादर टाकली तर काही कुत्री लवकर शांत होतात. खाणं वाटीत देण्याऐवजी शोधत खावं लागेल असं द्या. फार अस्वस्थ असेल तर डॉक्टरांकडून शांत करणारं औषध मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. बाहेर फक्त शी-लघवीसाठी, छोट्या दोरीवर, छातीवरून बांधायचा हार्नेस घालून. गळपट्टा काही दिवस खुंटीला. आणि चार आठवडे संपले की एकोणतिसाव्या दिवशी मैदान नको, पाच-पाच मिनिटांनी चालणं वाढवा.

एवढ्यात पंजा उलटा पडायला लागला, मागून तोल जायला लागला किंवा बारा तासांत लघवी झाली नाही, तर त्याच तासाला निघा. ‘सकाळी बघू’ म्हणणारे बरेच जण मला सकाळी भेटतात तेव्हा बोटांतली जाणीव गेलेली असते.

हे सांगायचा अधिकार मला आहे असं नाही. पट्टी दोन दिवस पोट आवळून बसत होती, उचललं की ओरडायची. मी पोट तपासलं, टणक लागलं, अपचन समजून औषध दिलं. पाठ दुखते म्हणून कुत्रं पोट आवळतं, हे मी कितीतरी लोकांना समजावून सांगितलेलं आहे. घरच्या कुत्रीच्या वेळी मला ते सुचलं नाही.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या जर्मन शेफर्डचे मागचे पाय सहा महिन्यांपासून हळूहळू ढिले पडताहेत. एक्स-रेत काही नाही. आता एमआरआय करा म्हणतात. एक्स-रेत नाही म्हणजे गादी ठीकच असणार ना?

उत्तर : एक्स-रेत हाडं दिसतात. गादीत चुना साठला असेल तर तोही दिसतो, पण मज्जारज्जू दिसत नाही आणि कुठे किती दाब आहे ते कळत नाही. 1952 साली स्वीडनचे पशुवैद्य हॅन्सन यांनी गादीच्या दुखण्याचे दोन प्रकार मांडले. आम्ही आजही तीच नावं वापरतो. पहिला चिंगीचा, गर फुटून बाहेर येण्याचा. दुसऱ्यात कडं फुटत नाही, वर्षानुवर्षं फुगत जाऊन मज्जारज्जूला रेटतं. मोठ्या जातीच्या, उतारवयातल्या कुत्र्यांत हा दुसरा जास्त. तुमच्याकडे तो असू शकतो. पण शेफर्डमध्ये मज्जारज्जूच हळूहळू झिजण्याचा एक वेगळा आजार असतो, त्यात दुखत नाही आणि शस्त्रक्रियेचा उपयोग नसतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. एमआरआय त्यासाठी. पाठ दाबल्यावर तो दचकतो का, हे बघून डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : गोट्या हा आमचा सहा वर्षांचा फ्रेंच बुलडॉग. पाच महिन्यांपूर्वी एका रात्रीत मागचे पाय गेले. जवळच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि तीन दिवस वाट बघा म्हणाले. चौथ्या दिवशी सर्जनकडे गेलो. त्यांनी पकडीने बोटं दाबली. पाय मागे ओढला गेला, आम्हाला आनंद झाला, पण ते म्हणाले, याला जाणवत नाही. शस्त्रक्रिया केली तर निम्मी शक्यता. घरात दोन दिवस वाद झाले आणि आम्ही नको म्हटलं. आज गोट्या चाकाच्या गाडीवर घरभर हिंडतो, लोकांच्या पायांवर गाडी घालतो, मजेत आहे. आम्ही लघवी दाबून काढतो. पण मोठा भाऊ अजून म्हणतो, तुम्ही त्याला अधू केलंत. आणि गेल्या आठवड्यापासून गाडीतून काढला की तो कधी कधी चार-पाच पावलं टाकतो! जाणीव तर नाही, मग हे काय? आम्ही चुकलो का?

उत्तर : पाय ओढला जाणं आणि जाणवणं यातला फरक सगळ्यांनी समजून घ्यावा म्हणून आधी तो सांगते. बोट दाबल्यावर पाय मागे येतो तो कंबरेतल्या मज्जारज्जूच्या हुकमाने. त्यासाठी मेंदू लागत नाही. जाणवलं असं केव्हा म्हणायचं, तर कुत्र्याने मान वळवली, कण्हलं, चावायला आलं, निदान श्वास रोखून डोळे मोठे केले तर. म्हणून तपासताना आम्ही पायाकडे न बघता तोंडाकडे बघतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. कंबरेतल्या मज्जारज्जूत पावलं टाकायचा ताल आधीपासून असतो. मेंदूशी संबंध तुटला तरी काही कुत्र्यांत तो ताल काही महिन्यांनी आपणहून जागा होतो. हलक्या अंगाच्या, सतत हालचाल मिळालेल्या कुत्र्यांत हे मी पाहिलं आहे. गोट्याची पावलं तीच असावीत. वळताना तो पडेल, निसरड्या जागी पाय फाकतील, आणि लघवीवरचा ताबा यातून येत नाही, म्हणून दाबणं थांबवू नका. पण व्यायाम वाढवायला हे उत्तम निमित्त आहे. फिजिओला दाखवा, पाण्यातल्या सरकत्या पट्ट्यावर चालवण्याची सोय असेल तर विचारा. डॉक्टरांकडून बोटं पुन्हा एकदा तपासून घ्या, उशिरा जाणीव परतलेली कुत्रीही असतात.

आता चुकलो का. मी गोड बोलणार नाही, कारण तुमचा भाऊ ते ऐकून घेणार नाही. जाणीव गेलेल्या कुत्र्यांपैकी शस्त्रक्रियेनंतर साधारण निम्मी, काही ठिकाणच्या नोंदींत साठ टक्क्यांपर्यंत, पुन्हा चालतात. शस्त्रक्रियेविना फार थोडी. म्हणजे निर्णयाने फरक पडला असता, हे खरं. पण बाजू बाकीच्या निम्म्यांचीही आहे. तुम्ही सगळं करून गोट्या आज याच गाडीत असता, असंही पुष्कळ वेळा होतं. आणि जाणीव गेलेल्यांपैकी दहातल्या एखाद्याचा मज्जारज्जू आतून विरघळत जातो, वर वर चढतो, पुढचे पाय आणि मग श्वास जातो. फ्रेंच बुलडॉगमध्ये याचं प्रमाण आणखी जास्त. शस्त्रक्रियेने ते हमखास थांबत नाही. बहुतेकदा आम्हीच हात जोडून त्याला कायमचं झोपवायला सांगतो. गोट्या त्यातून सुटला. भावाच्या हिशेबात हे नसतं, म्हणून सांगितलं.

चूक झाली ती पहिल्या तीन दिवसांत, आणि ती तुमची नाही. मागचे पाय पूर्ण गेलेल्या कुत्र्याला इंजेक्शन देऊन ‘वाट बघा’ म्हणणं ही आमच्या जमातीची जुनी खोड आहे. त्या दिवशी पाय गेले होते, जाणीव कदाचित होती. हे कुणालाच आता सांगता येणार नाही. त्यावर रात्री काढू नका.

त्यापेक्षा गोट्याचे पंजे बघा. न जाणवणारे पाय घासत गेले की नखं आणि पंज्याची वरची बाजू सोलवटते, त्याला पत्ता लागत नाही. लांबच्या फेरीला मोजे-बूट घाला, घरी आल्यावर काढा. एखाद्या जागी सारखा चाटताना किंवा चावताना दिसला तर लगेच गळ्यात तोंड अडवणारा कोन. काही कुत्री स्वतःची बोटं कुरतडून टाकतात. गाडीत दिवसभर अडकवून ठेवू नका, विश्रांतीला आणि झोपेला बाहेर. पट्ट्यांच्या खाली, काखेत रोज बोट फिरवा. आणि भावाला एक दिवस लघवी काढायला शिकवा.

प्रश्न : मी अकरा वर्षांचा आहे. माझा टिल्लू कॉर्गी आहे, दोन वर्षांचा. बाबा म्हणतात तो जिना चढला तर त्याची पाठ मोडेल. मी त्याला पुढच्या पायांखाली हात घालून उचलून नेतो. तो काल माझ्याबरोबर पाच पायऱ्या चढला. त्याला काही होईल का?

उत्तर : काल चढला म्हणून काही होणार नाही, घाबरू नकोस. टिल्लूचे पाय आखूड का आहेत माहीत आहे? त्याच्या शरीरात एका जनुकाची एक जास्तीची नक्कल आहे. त्याचं नाव एफजीएफ4. 2017 मध्ये शास्त्रज्ञांना कळलं की 12व्या गुणसूत्रावर बसलेली तशीच एक नक्कल पाठीच्या गाद्याही लवकर कडक करते. म्हणजे टिल्लू ही पाठ जन्मतःच घेऊन आलाय. ती तू बिघडवलेली नाहीस आणि पाच पायऱ्यांनीही बिघडवलेली नाही. जिन्यापेक्षा मला सोफ्यावरून मारलेल्या उडीची काळजी जास्त वाटते, तिथे उतरण लावता येईल. टिल्लू जाडा होऊ देऊ नकोस. दर रविवारी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरव, न दाबता मोजता आल्या पाहिजेत.

उचलणं मात्र आजपासून बदल. पुढच्या पायांखाली धरून उचललं की मागचं अर्धं अंग लोंबकळतं आणि सगळं वजन पाठीवर येतं. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि पाठ टेबलासारखी आडवी राहिली पाहिजे. आधी उशीवर सराव कर. मग बाबांना उचलायला सांग आणि तू बघ, बहुतेक तेही तुझ्यासारखंच उचलत असणार.